तिसरी हाक

वरोऱ्याच्या मुलींच्या वसतिगृहात मनकर्णाबाईच्या हातचं लाखोळीच्या डाळीचं वरण ज्यानं खाल्लं नाही, त्याला वरण कळलंच नाही, असं खुशाल समजावं. बोलायला मात्र बाई कंजूष. पोरींना दोन वेळा जेवू घालायचं, भांडी पालथी घालायची आणि मागच्या खोलीत जाऊन दाराला कडी लावायची, एवढाच तिचा संसार. दिवाळीत पोरी आपापल्या गावाला जायच्या, वसतिगृह ओस पडायचं, तेव्हाही बाई तिथंच. एकटीपुरता भात शिजवायला तिला मापच सापडायचं नाही. उरायचा, आणि दुसऱ्या दिवशी तोच शिळा भात ती तिखट-मीठ घालून खायची. कोणी विचारलं, "बाई, तुमचं कोणी नाई का?" तर म्हणायची, "होतं." आता या 'होतं'च्या पुढं माणसानं काय विचारावं? लोक विषय बदलत, आणि बाईला तेच पाहिजे असायचं.

काय होतं ते मी आधीच सांगून टाकतो. गोष्ट दाबून ठेवून शेवटी फेकायची मला हौस नाही.

गोंडपिपरी तालुक्यात वैनगंगेच्या काठावर येनगाव म्हणून धानाचं गाव. तिथं मनकर्णाबाईचा नवरा गुणवंतराव चार बांध्या, म्हणजे धानाची शेतं, राखून होता. एकुलती एक पोरगी, पंचफुला. घरात सगळे फुला म्हणत. नदीच्या या अंगाला चांदा जिल्हा, त्या अंगाला गडचिरोली. येनगावच्या घाटावर उभं राहून तिरपं पाहिलं, की पलीकडे जंगलाच्या तोंडाशी मोहटोला ही लहानशी वस्ती दिसायची. त्या टोल्याची माणसं धानकापणीला येनगावात यायची. त्यांतच चैतू नावाचा एक गोंडाचा पोरगा होता. कामाला वाघ, बोलायला गाय. नव्वद सालची कापणी संपली, खळं झालं, आणि एका पहाटे फुला त्याच्या डोंग्यात बसून पलीकडे गेली. जबरदस्ती नाही, फूस नाही. पोरीला तो आवडला, एवढंच.

झालं! गावाला तेवढंच पुरलं. समाजाची माणसं ओसरीवर येऊन बसली. म्हणाली, गुणवंतराव, पोरगी मेली म्हणा, नाहीतर तुम्ही आम्हाला मेले. गुणवंतराव ताठ मानेचा माणूस, आणि ताठ मान कुठं वाकवावी हे न कळणाऱ्यांपैकी. त्यानं कणकेची बाहुली केली, तिला फुलाचं लुगडं गुंडाळलं आणि घाटावर नेऊन जाळली. तेराव्या दिवशी तेरवी घातली. सगळा गाव जेवला. आता सांगा, तो स्वयंपाक कोणी केला असेल? मनकर्णानं. पोटची पोरगी नदीपल्याड जिवंत आहे, तिच्या चुलीचा धूर सांजच्याला अंगणातून दिसतो, आणि ही इकडे तिच्या तेरवीचे वडे तळते आहे. जळो ती असली इज्जत! पण बाईनं तोंडातून ब्र काढला नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. वडे लोकांनी मागून मागून खाल्ले.

पुढं दोन-तीन वर्षांत गुणवंतराव तापानं गेला. मयतीला फुला आली नाही. येणार कशी? मेलेली माणसं मयतीला येतात का? त्यानंतर मनकर्णाबाई रोज सांजच्याला अंगणात उभी राहून पलीकडचा धूर पाहायची. जायचं म्हटलं तर घाटावरून डोंग्यानं घटकाभराची वाट. पण कोणत्या तोंडानं जाणार? पोरगी म्हणाली, 'मेलेल्या लेकीकडे कशाले आली व?' तर काय उत्तर देणार? रोज तोच धूर, रोज तोच विचार. शेवटी बाईनं घराला कुलूप लावलं, ओळखीच्या एका बाईच्या शब्दावर वरोऱ्याला आली आणि वसतिगृहाच्या चुलीपुढं बसली. इथून नदी दिसत नव्हती, तेवढंच बरं.

नव्याण्णव साली सरफराज सरांच्या डोक्यात डोंग्याचं खूळ शिरलं.

सरफराज सर शाळेत चित्रकला शिकवायचे. बाप वरोऱ्यात पत्र्याच्या पेट्या करायचा, नवरीच्या पेटीवर गुलाब काढायचा, आणि सरांचा ब्रश त्या गुलाबांवरच चालायला शिकला होता. ते म्हणायचे, पुस्तकातला पक्षी पाहून पक्षी काढणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात बोट घालणं. पोरांना नदीवर न्यायचं, डोंग्यात बसवायचं, झाडं-पक्षी ओळखायला लावायचे आणि जे समोर दिसेल ते तिथंच कागदावर उतरवायचं. वैनगंगेवरून खाली जायचं, रेतीवर मुक्काम करायचा आणि चपराळ्याला, वर्धा नदी येऊन मिळते तिथं, उतरायचं. मुख्याध्यापक आधी नको म्हणाले, मग पोरांच्या ट्यूब पाहून हो म्हणाले. ट्यूब म्हणजे ट्रकच्या चाकातल्या. पोरांनी त्या फुगवून कमरेत घातल्या होत्या आणि शाळेच्या पटांगणात चालून दाखवलं होतं.

आता पोरींचं काय? मायबाप म्हणाले, सोबत बाईमाणूस असेल तर पाठवू. विज्ञानाच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर. सर वसतिगृहात आले आणि जरा भीतभीतच मनकर्णाबाईला विचारलं. त्यांना वाटलं, ही नाही म्हणणार. बाईनं हातातली पळी खाली ठेवली आणि विचारलं, डोंगे कोणत्या अंगानं जातील? सरांनी कागदावर नदी काढून दाखवली. येनगाव, मोहटोला अशी नावं त्यांनी स्वतःच लिहिली होती. बाईनं त्या कागदावर बोट ठेवलं, उचललं आणि म्हणाली, येते.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. मनाशी तिनं एकच ठरवलं. बोलायचं नाही, थांबायचं नाही, फक्त पाहायचं. फुला जिवंत आहे, चालती-बोलती आहे, एवढं डोळ्यांनी पाहिलं की बस्स. आठ वर्षांत तिला दुसरं काही नकोच होतं. निदान ती स्वतःला तसं सांगत होती.

माघातली थंडी ओसरत आली होती. तीन डोंगे निघाले. दोन पोरांचे, एक पोरींचा. पोरींच्या डोंग्यात मनकर्णाबाई, आणि बांबू टेकत डोंगा हाकायला मुखरू ढिवर. मुखरू बोलका माणूस. पोरींना हसवायचा, आणि डोंगा हलला की वर तोच रागवायचा. पाणी नितळ, खालची रेती दिसायची. काठावर अर्जुनाची पांढरी खोडं, मधूनच खंड्या सपकन पाण्यात. सरांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांची खोडरबरं गोळा केली आणि आपल्या पिशवीत टाकली. पोरांनी बोंब मारली. सर म्हणाले, चुकलं तर चुकलेलं राहू द्या, त्याच्याच बाजूला पुन्हा काढा. डोंगा पुढं जातो तसा पक्षीही हलतो. तो हलला हे कागदावर दिसलं पाहिजे.

दिव्यानी नावाची एक पोरगी बाईच्या अगदी जवळ बसायची. नववीतली. हात चांगला, पण बिचकणारी. तिनं एक टिटवी काढली, ती उडाली, म्हणून पुन्हा काढली, पुन्हा उडाली. कागदावर टिटव्यांचा थवा झाला. बाकीच्या पोरी हसल्या. दिव्यानी रडवेली झाली. मनकर्णाबाईनं तो कागद हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, हसता काऊन व? टिटवी एका जागी बसत असते का कधी? बाई एवढं बोलली याचंच पोरींना नवल वाटलं.

त्याच दिवशी दुपारी पलीकडच्या काठावरून कोणीतरी हाक मारली. झाडीत माणूस दिसत नव्हता. शेजारच्या डोंग्यातून निकेश नावाच्या पोरानं मजेत लांबच लांब "ओऽऽ" दिली. मनकर्णाबाई एकदम ताडकन बोलली.

"ओ देऊ नोको! पाण्यावरून हाक आली तर पहिलीले ओ द्याची नाई, दुसरीले द्याची नाई. तिसरीलेच द्याची."

काऊन, म्हणून पोरींनी धरलं. मुखरू बांबू टेकत हसला, म्हणाला, खरी गोष्ट आहे, आमच्या सगळ्या घाटायवर हेच चालते. मग बाईनं सांगितलं. मेलेलं माणूस नदीवरून हाक मारतं, ओळखीच्या आवाजात मारतं. पण त्याला दोनच हाका मारता येतात. तिसरी हाक मारायला जीव लागतो, तो त्याच्याकडे नसतो. म्हणून थांबायचं. तिसरी आली तर समजायचं, जितं माणूस आहे, आपलं आहे. बोलता बोलता ती म्हणून गेली, की माह्या पोरीले मी हे घोटून घोटून शिकवलं होतं, ते एवढीशी होती तेव्हापासून. घाटावर पाणी भरायला जायची ना ते.

"तुमची पोरगी कुठी आहे, बाई?" दिव्यानीनं विचारलं.

बाईनं पदर सारखा केला. म्हणाली, चित्र काढ, तो पाहा खंड्या आला. खंड्या कुठंच नव्हता.

रात्री रेतीवर मुक्काम. पोरं गाणी म्हणत होती, सर कंदिलाच्या उजेडात झाडांच्या पानांची नावं सांगत होते. बाईनं चूल मांडली, भात टाकला. मुखरू लाकडं द्यायला आला तेव्हा तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, उद्या मोहटोल्याच्या घाटावर थांबता का? मुखरू म्हणाला, नाई बाई, तिथी खडक आहेत अना धारही जोरात आहे. एकला डोंगा लागते, पोरायनं भरलेला नाई लावत मी. पुढच्या रेतीवर थांबू. बाई हो म्हणाली. बरं झालं असंच तिनं स्वतःला सांगितलं, पण चुलीतला जाळ मागं ओढायचा राहिला आणि भात खाली लागला.

दुसऱ्या दिवशी सांजच्याला येनगावचा घाट आला. बाईनं डोक्यावरून पदर पुढं ओढला. घाटावर दोघं-तिघं होते, त्यांतला एक तर तिच्या दिराचा पोरगा असावा. कोणाचं लक्ष नव्हतं. तिचं घर मागं कवठाच्या झाडाआड कुलपात बसलं होतं, तिकडे तिनं पाहिलंही नाही. तिचे डोळे पलीकडे लागले होते. उतरतं ऊन तिच्या पाठीवर होतं आणि समोरचा काठ त्या उन्हात स्वच्छ न्हाऊन निघाला होता. मोहटोल्याच्या घाटाचा खडक दिसला. खडकावर एक बाई होती. कमरेला पाण्याची गुंडी, एका हाताशी लहान पोरगी. ती वाकली, पोरीचं तोंड धुतलं आणि स्वतःच्या लुगड्याच्या पदरानं पुसलं. डावा खांदा जरा वर उचलून पुसलं.

तो खांदा मनकर्णानं फुलाच्या लहानपणापासून पाहिला होता. शेण गोळा करताना, धान रोवताना, केस विंचरताना. हजार बायांत तिनं तो ओळखला असता. आणि फक्त पाहायचं, बोलायचं नाही, हे ठरलेलं सगळं तिथंच पाण्यात गेलं.

"फुलेऽऽऽ!"

डोंग्यातल्या पोरी दचकल्या. मुखरूनं मान वळवली. खडकावरची बाई सरळ उभी राहिली. तिनं कपाळावर हात धरून डोंग्याकडे पाहिलं. आता ओ येईल, आता येईल. आली नाही.

"फुलेऽऽऽ!" तिनं पुन्हा हाक मारली. आवाज फाटला.

काठावर काहीच नाही. ती बाई तशीच उभी, मुकी. डोंगा धारेला लागला होता, मुखरूला दुसरीकडे पाहायलाही सवड नव्हती. मनकर्णाबाईनं पदर तोंडावर ओढून घेतला आणि डोकं गुडघ्यांत घातलं. बरोबरच आहे, तिला वाटलं. तिनं ओ का द्यावी? जिनं तेरवीचे वडे तळले तिला लेकीनं ओ द्यावी, असं कोणत्या पोथीत लिहिलं आहे? नदी वळली तेव्हाही तिनं डोकं वर केलं नाही. पोरींनी विचारलं, कोण होती बाई? म्हणाली, ओळखीची वाटली होती, नव्हती.

डोंगा पुढच्या रेतीला लागला. तिनं रोजच्यासारखी चूल मांडली. डाळीत मीठ घातलं की नाही हे आठवेना म्हणून पुन्हा घातलं. जेवताना सगळे एकमेकांकडे पाहून पाणी पीत राहिले. वसतिगृहात आल्यापासून बाई एकटी होती, पण आज तिला जे वाटत होतं ते वेगळंच होतं. आजवर नदीपल्याड कोणीतरी होतं. आज तिथंही कोणी उरलं नाही, असं तिला वाटत होतं.

अंधार पडला होता, कंदील लागले होते. सरांनी दिवसभराची चित्रं रेतीवर मांडायला लावली, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक गोटा. पोरं फिरून पाहू लागली. सर दिव्यानीच्या कागदापाशी थांबले आणि म्हणाले, वा! बाकीची पोरं जमली आणि खिदळू लागली. घाट एक आणि त्याच्यावर बाया तीन, तिघीही सारख्याच! निकेशनं विचारलं, तिळ्या बहिणी आहेत का?

मनकर्णाबाई भांडी घासत होती. राखेचे हात तसेच घेऊन ती उठून आली.

कागदावर खडक होता. खडकाच्या माथ्यावर एक बाई, कपाळावर हात. तिच्या खाली, जिथं पाणी खडकाला लागतं तिथं, तीच बाई. आणि त्याच्याही पुढं, गुडघ्याच्या वर पाण्यात उभी असलेली, पुन्हा तीच.

"तिघीजणी नव्हत्या व तिथी," बाई म्हणाली.

"एकच आहे, बाई," दिव्यानी म्हणाली. "ते खाली येत होती ना. तुमी हाक मारली तवा ते वरतीच होती, मी काढली. दुसरी हाक मारून तुमी तोंड झाकलं, तं ते खाली उतरली अना मंग पाण्यात आली. रबर नाई, मंग मी बाजूले बाजूले काढत गेली. आपण वळलो तवरी ते पाण्यातच उभी होती. तुमी पाह्यलंच नाई."

बाई खाली बसली. रेतीवर, तशीच. तिनं राखेचं बोट कागदाला न लावता त्या तिसऱ्या बाईवर धरलं. गुडघाभर थंड पाणी, लहान पोरगी मागं खडकावर सोडलेली, आणि नजर डोंग्याकडे. डोंग्याकडे तरी कशी? मावळतं ऊन तिच्या डोळ्यांत होतं. तिला डोंगा दिसला असेल काळा ठिपका, माणूस नाही. तोंड नाही. नुसता आईचा आवाज, आठ वर्षांनी, पाण्यावरून. आणि तो आवाज दोनदा येऊन थांबला.

तिनंच शिकवलं होतं. घोटून घोटून.

पोरगी रागानं मुकी नव्हती. पोरगी तिसऱ्या हाकेची वाट पाहत पाण्यात उतरली होती, आणि ही आई पदरात तोंड घालून बसली होती. आता ती पलीकडे काय समजली असेल? माय मेली, दुसरं काय! जित्या लेकीला मायनं मेली म्हटलं, आणि आज जित्या मायला लेकीनं मेली समजावं. हे असं फिरून आलं. मनकर्णाबाई सगळ्यांच्या देखत रडली. आठ वर्षांचं एकदम रडली. पोरी घाबरून तिच्याभोवती बसल्या, कोणाला काही कळेना.

मग तिनं सगळं सांगितलं. सरांना, मुखरूला, पोरींना, लपवण्यासारखं काही ठेवलंच नाही. सरफराज सरांनी मुखरूला विचारलं, डोंगा मागं नेता येईल का? मुखरू म्हणाला, धारेच्या उलट आहे, पोरं घेऊन नाही जमत, आणि काठानं जायचं तर आता जनावराची वेळ झाली. सकाळी जाता येईल. सर म्हणाले, "बाई, तुम्ही सकाळी मुखरूभाऊसंगं पैदल जा. पोरींकडे मी पाहतो. काही फिकर करू नका."

बाईनं पोरींकडे पाहिलं. दिव्यानी तिचा पदर धरून बसली होती.

"नाई, सर," ती म्हणाली. "या पोरीयच्या मायनं माह्याकडे पाहून त्यायले पाठवलं. एक पोरगी मी मधातच सोडली. आता नाई सोडत."

सरांनी आग्रह केला नाही. तिसऱ्या दिवशी ते चपराळ्याला पोचले. दोन नद्या एक होतात तिथं पोरांनी मनसोक्त चित्रं काढली. एकीचं पाणी गढूळसर, दुसरीचं निळसर, आणि बरंच लांबपर्यंत ती दोन्ही पाणी शेजारी शेजारी वाहतात, मिसळत नाहीत. मनकर्णाबाई काठावर बसून ते पाहत होती. तिला काय वाटत होतं ते तिलाच माहीत.

वरोऱ्याला गाडी पोचली. बाईनं एकेक पोरगी तिला न्यायला आलेल्या मायच्या हातात दिली. दिव्यानीनं तो कागद तिच्यापुढं धरला. बाई म्हणाली, ठेव तुह्यापाशी, मले आता चित्र नाई पायजे. मग ती वसतिगृहात गेली, सकाळचे तांदूळ निवडून ठेवले, दुसरीकडची एक बाई बोलावून तिच्या हाती पळी दिली आणि संध्याकाळच्या एसटीनं निघाली. चांद्याला गाडी बदलली. रात्र गोंडपिपरीच्या स्टँडवर बाकड्यावर काढली, आणि पहिल्या गाडीनं फाट्यावर उतरून येनगावची वाट धरली. वाटभर तिच्या मनात एकच भीती होती. हाकेला मुदत असते का? दोन हाका त्या दिवशीच्या, तिसरी आजची. ती धरतात, की आज पुन्हा पहिलीपासून मोजतात? हा नियम तिला कोणी सांगितला नव्हता.

गावातून जाताना दिराच्या दारात बाया झाडत होत्या. त्यांनी हात थांबवले. एकीनं विचारलं, "कुठी चालली व मनकर्णा, सकाळी सकाळी?"

"माह्या पोरीकडे," ती म्हणाली आणि थांबली नाही. मागं काय बोलणं झालं असेल ते झालं असेल.

घाटावर कोणी नव्हतं. डोंगा खुंट्याला बांधलेला होता, ढिवर अजून आला नव्हता. सूर्य मोहटोल्याच्या मागून नुकताच वर आला होता, आणि आता ऊन हिच्या डोळ्यांत होतं. पलीकडचा सगळा काठ काळा, आणि हिच्या अंगावर लख्ख ऊन. पाण्यावर नुसती चमचम, डोळा ठरेना. खडक कुठं, झाड कुठं, माणूस असलं तर कुठं, काही कळेना. तिनं दोन्ही हात तोंडापाशी नेले. हाक मारली आणि पुन्हा मुकंच राहिलं तर? ती तशीच उभी राहिली, हात तोंडाशी, आणि आवाज निघेना.

तेवढ्यात पलीकडून, त्या उजेडाच्या आतून, पाण्यावरून हाक आली.

"मायेऽऽऽ!"

आठ वर्षं तिला त्या नावानं कोणी हाक मारली नव्हती. माणूस दिसत नव्हतं. तोंड दिसत नव्हतं. ओळखीचा आवाज होता आणि पहिलीच हाक होती. असल्या हाकेला ओ द्यायची नसते, हे लेकीला तिनंच शिकवलेलं.

मनकर्णाबाई दुसऱ्या हाकेसाठी थांबली नाही. पायरी उतरून ती पाण्यात शिरली, गुडघाभर, आणि जीव एकवटून तिनं ओ दिली.